महाल उभाच आहे, पडले ते आमचे कॅलेंडर

डिसेंबर उजाडला की कापडाच्या पेढीवर एक प्रश्न हमखास येतो. 'शेठ, यंदा कॅलेंडर काढले की नाही?' हातात मोबाइल आला, त्यात तारीखही आली. पण भिंतीवर टांगायला दुकानाचे कॅलेंडर गिऱ्हाइकाला आजही लागते. आमच्या पेढीचे नाव वर्षभर त्याच्या घरात राहते. यापेक्षा स्वस्त जाहिरात आम्हाला तरी ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की तीच गुलाबाची फुले आणि तेच धबधबे पुरे झाले. मालेगावच्या दुकानात शोभेल आणि दुसऱ्या कोणाकडे नसेल असे काहीतरी काढावे. आमचे बरेच गिऱ्हाईक कवळाणे आणि आसपासच्या खेड्यांतून येते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे याच कवळाण्याचे. ११ मार्च १८६३ रोजी तेथे जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याच्या गादीवर बसला. त्यांनी बांधलेल्या लक्ष्मी विलास महालाचा फोटो कॅलेंडरवर घालावा, खाली पेढीचे नाव. कल्पना सर्वांना आवडली.

आम्ही एका लग्नाच्या फोटोग्राफरला सुपारी दिली. माणूस आपल्या कामात हुशार होता. पण आम्ही हिशेब केला तो रोजाच्या पैशांचा, कामाचा नाही. सुरतेला माल घ्यायला जायचेच होते. तेथून रेल्वेने बडोदे दोन-अडीच तास. ऐन दुपारी पोहोचलो, तासाभरात फोटो झाले, संध्याकाळच्या गाडीने परत. पाचशे कॅलेंडरे छापून घेतली. नमुना न पाहता छापून घेतली, हेही येथेच कबूल करतो.

पहिल्याच आठवड्यात कवळाण्याकडचे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. चष्मा पुसून त्यांनी कॅलेंडर नीट पाहिले आणि म्हणाले, 'शेठ, आमच्या राजाचा महाल का पाडायला काढलात?'

आम्ही पाहिले. खरोखरच मनोरा मागे कलंडला होता. दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाता जाता आत झुकल्या होत्या. दगड मिरचीसारखा लाल आला होता आणि छज्जाखाली काळी शाई ओतावी तसा अंधार. पाचशे घरांत वर्षभर टांगायची वस्तू, आणि तीवर आमचे नाव. अर्धी कॅलेंडरे आम्ही वाटलीच नाहीत. पैसे गेले त्याचे फारसे नाही. गुरुजींचे बोलणे मात्र लागून राहिले.

इमारत मागे का पडते?

आमचा भाचा तेव्हा फोटोग्राफी शिकत होता. आम्ही या शौकाला विरोध करत होतो. लूमचा हिशेब सोडून पोरगा कॅमेरा घेऊन हिंडतो, हे आम्हाला पटत नव्हते. त्याने कॅलेंडर पाहिले आणि दोन वाक्यांत सांगितले. 'मामू, फोटोग्राफरने खाली उभे राहून कॅमेरा वर उचलला. कॅमेरा वर कलला की उभ्या रेघा वरच्या बाजूला एकमेकींकडे पळतात.'

कापडवाल्याला हे लगेच समजावे. ताणा आणि बाणा काटकोनात असले तर ताग्याला किंमत. बाणा तिरका गेला की कितीही चांगले सूत असो, शिवणाऱ्याचे कापड वाया जाते. इमारतीच्या फोटोतही उभी रेघ उभीच आली पाहिजे. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर पाणसळीत, अगदी सपाट ठेवावा लागतो. पण सपाट ठेवला की मनोऱ्याचे टोक कापले जाते आणि अर्धा फोटो जमिनीचा येतो. येथे खरे काम सुरू होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, जागा असेल तर खूप मागे जाणे. दुसरा, शिफ्ट लेन्स. कॅमेरा सपाट ठेवून ही लेन्स तेवढी वर सरकवता येते. जुन्या लाकडी, भात्याच्या कॅमेऱ्यात पुढची फळी वर उचलत, तेच हे तंत्र. तिसरा, संगणकावर रेघा सरळ करणे. पण त्यात कडेचा भाग कापला जातो, म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंना जागा सोडावी लागते. शिंपी शिलाईसाठी कापड सोडतो तसे. लग्नाच्या फोटोग्राफरला यातले काही लागत नाही, म्हणून त्याला ते ठाऊक नव्हते. दोष त्याचा कमी, चुकीच्या कारागिराला काम देणाऱ्यांचा जास्त.

हा महाल आहे तरी काय?

एक गोष्ट भाच्याने आम्हाला विचारली तेव्हा आमची मान खाली गेली. 'मामू, ज्याचा फोटो काढायचा त्याची माहिती काढली होती का?' काढली नव्हती. मग काढली.

लक्ष्मी विलासचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८९० साली पुरे झाले. खर्च १,८०,००० पौंडांच्या घरात गेला असे सांगतात. नकाशा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि अजमेरचे मेयो कॉलेज हीही त्याचीच कामे. १८८१ साली, काम अर्धे असताना मँट वारला. आपले गणित चुकले आहे आणि इमारत कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला अशी आख्यायिका आहे. उरलेले काम मद्रासमध्ये नाव कमावलेल्या रॉबर्ट चिझम याने पुरे केले. इमारत पुरी होऊन १३० वर्षांहून अधिक काळ लोटला. महाल जागचा हललेला नाही. मँटची भीती खोटी ठरली. तो महाल पाडून दाखवला तो आमच्या कॅलेंडरनेच.

या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. सारसेन हा मुसलमानांसाठी युरोपातला जुना शब्द. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या गॉथिक चर्चची धाटणी नव्या इमारतींत परत आणली जात होती. त्याच विचाराने हिंदुस्थानात आलेल्या वास्तुकारांनी येथल्या जुन्या कमानी, घुमट, जाळ्या, झरोके आणि छत्र्या उचलल्या आणि त्या नव्या सोयींच्या घरांवर बसवल्या. म्हणजे नक्षी जुनी, वीण नवी. लक्ष्मी विलासमध्ये मुघल कमान आहे, राजपूत झरोका आहे, गुजरातच्या देवळांतले कोरीव काम आहे आणि मधूनच युरोपही डोकावतो. दरबार हॉलच्या जमिनीला व्हेनिसच्या धर्तीची मोझाइक आहे, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच.

फोटो काढणाऱ्याला ही माहिती का हवी? पाचशे फुटांपेक्षा जास्त लांबीच्या दर्शनी बाजूतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्यासाठी. सगळेच घेतले तर रिबिनीसारखी पट्टी येते आणि कशावरच नजर ठरत नाही. जाणकार माणूस कमान, झरोका आणि घुमट एका चौकटीत कोठे भेटतात ती जागा शोधतो. इमारतीची ओळख त्या एका जागेत असते.

दुसरी खेप

पुढच्या वर्षी आम्ही भाच्याला घेऊन दोन दिवसांसाठी गेलो. महालाचा काही भाग तिकीट काढून पाहता येतो, पण मालमत्ता खासगी आहे. आम्ही गेलो तेव्हा आत फोटोला मनाई होती. भाच्याने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आत फक्त डोळ्यांनी पाहिले. बाहेरून काढायच्या फोटोंसाठी आधी पत्र लिहून, कारण सांगून विचारले होते. धंद्यासाठी फोटो हवा असेल तर पुढे वाद नको म्हणून हे कागदावर असलेले बरे.

पहिला दिवस त्याने एकही फोटो काढला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कोठून कोठे जाते तेवढे पाहिले, वहीत वेळा लिहिल्या. आमचा जीव टांगणीला. हॉटेलचे भाडे चालू, आणि पोरगा झाडाखाली बसलेला. पण आम्हीच नोकराला रोज सांगतो की रंग ट्यूबलाइटखाली पाहू नको, तागा दारात घेऊन ये. उजेड बदलला की माल बदलतो, हे आमचेच शास्त्र. त्यामुळे बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी फरक दिसला. दुपारचे ऊन डोक्यावरून पडते, तेव्हा कोरीव काम सपाट होते आणि छज्जाखाली अंधार साचतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ऊन बाजूने येते. मग प्रत्येक पाकळी, प्रत्येक घोडी आपली छोटी सावली टाकते आणि दगड जिवंत होतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आकाश गडद निळे असते. दिवे लागलेले असतील तर दोन्ही उजेड तेव्हा सारखे भरतात. त्या थोड्या वेळासाठी तिपाई तासभर आधी लावून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळून, रुंद लेन्सने काढले की समोरचा कोपरा अंगावर येतो आणि मधला मनोरा खेळण्याएवढा होतो. भाचा लांब गेला आणि मोठी लेन्स लावली. घुमट, छत्र्या आणि मनोरा आपापल्या खऱ्या मापात एकामागे एक उभे राहिले. समोरून सरळ न काढता थोडे कोपऱ्यातून काढले, त्यामुळे इमारतीच्या दोन बाजू दिसल्या आणि तिची खोली कळली.

शेवटी त्याने एक फोटो फक्त जाळीचा काढला. त्यात राजा नाही, मनोरा नाही. दगडावर छिन्नी चालवणाऱ्या कोणा कारागिराचे काम तेवढे आहे. मँटचे नाव पुस्तकात आहे, चिझमचे आहे. जाळी कोरणाऱ्याचे नाव कोठेही दिसत नाही. आमच्या गावात उत्तम कापड विणणाऱ्याचे नाव ताग्यावर छापतो तरी कोण? त्या एका फोटोपुढे आम्ही बराच वेळ बसलो.

छपाईत यंदा घाई केली नाही. पडद्यावरचा फोटो उजेडाने चमकतो, कागदावरचा शाईने भरतो. पडद्यावर दिसले तसे कागदावर कधीच येत नाही. म्हणून ज्या कागदावर माल छापायचा त्याच कागदावर नमुना काढून घेतला आणि दारात, दिवसाच्या उजेडात पाहिला. दोनदा रंग सुधारून घेतला. खर्च पहिल्यापेक्षा दीडपट झाला. कॅलेंडरे महिन्यात संपली. गुरुजींनी दोन मागून नेली, एक शाळेसाठी.

धंदा नवा नाही

बंधूंनो, आम्ही ज्याला पोरांचा शौक म्हणत होतो तो चांगला जुना धंदा आहे. लाला दीनदयाळ यांचे उदाहरण घ्या. रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस. त्यांनी १८७० च्या दशकात इंदूरला फोटोग्राफी सुरू केली. मध्य हिंदुस्थानातल्या जुन्या इमारतींचे त्यांचे ८९ फोटो घालून सर लेपेल ग्रिफिन यांचे पुस्तक १८८६ साली निघाले. पुढे हैदराबादला निजामांचे फोटोग्राफर झाले, फलकनुमासारखे महाल टिपले. निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. उर्दू शाळेत शिकलेल्याला या शब्दाची गोडी सांगावी लागत नाही. मुसव्विर म्हणजे चित्र उतरवणारा. त्यांची व्यापारी नजरही पाहा. पडद्यातल्या स्त्रिया फोटोला येऊ शकत नाहीत हे ओळखून १८९२ साली त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला. गिऱ्हाइकाची अडचण दूर केली की धंदा आपोआप येतो.

बडोद्याचेच पाहा. महाल पुरा झाला त्याच १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन सुरू केले. तेथे रंगाईचे आणि विणकामाचे शिक्षण होते, तशीच चित्रकला आणि फोटोग्राफीही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके तेथेच फोटोग्राफी शिकले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा त्यामागे बडोद्याची ती शिकवण होती. कापड रंगवणे आणि फोटो धुणे एका छताखाली शिकवणारा राजा या दोन धंद्यांत लहान-मोठे मानत नव्हता. आम्ही मानत होतो.

हक्क आणि हिशेब

आता कामाच्या दोन-चार गोष्टी. कायदा आधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे इमारतीचा फोटो काढणे किंवा छापणे हा वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही. पण खासगी आवारात शिरायचे तर मालकाच्या अटी पाळाव्याच लागतात, ती वेगळी बाब आहे. दुसरे, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर सर्वसाधारणपणे पहिला हक्क काम देणाऱ्याचा होतो. फोटोग्राफरला फोटो स्वतःकडे ठेवून पुन्हा विकायचे असतील तर आधी लिहून घ्यावे. तोंडी बोलण्यावर ताग्याचा सौदा चालतो, फोटोचा चालत नाही. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि बंदी असलेले क्षेत्र आधी तपासावे.

गिऱ्हाईक कोण? वास्तुकार, बांधकाम ठेकेदार, हॉटेलवाले, मासिके आणि जुनी घरे दुरुस्त करणारे. अमेरिकेत १९३३ साली मंदीमुळे लोक बेकार होते, तेव्हा तेथल्या सरकारने जुन्या इमारतींचे नकाशे आणि फोटो करून ठेवण्याचे काम काढले आणि बेकार वास्तुकारांना त्यावर लावले. ते काम पुढेही चालू राहिले आणि तो संग्रह आज त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पडलेली इमारत पुन्हा बांधायची असेल तर तोच कागद उपयोगी पडतो.

भांडवलाबद्दल भाच्याचा अनुभव असा. सुरुवातीला महाग लेन्स घेऊ नये, भाड्याने आणावी. मजबूत तिपाई मात्र स्वतःची हवी. भाव एका फोटोचा न लावता दिवसाचा लावावा आणि त्यात पाहणीचा दिवस धरावा. गिऱ्हाईक विचारते, 'नुसते बसून राहण्याचे पैसे?' त्याला आमची दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून दाखवावीत. आम्ही ती भाच्याला त्यासाठीच देऊन टाकली आहेत. आणि काढलेल्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात.

शेवटची गोष्ट घरची आहे. आमच्या वालिदांचे घर लाकूड आणि विटांचे होते. खाली माग, वर राहते घर, दाराला कोरीव चौकट. भावांत वाटणी झाली, घर पडले, तेथे नवी इमारत आली. मागच्या वर्षी धाकट्या भावाला तशीच चौकट नव्या घराला करून घ्यायची होती. सुताराने फोटो मागितला. घरात लग्नांचे आल्बम निघाले, वीस-पंचवीस फोटो निघाले. सगळ्यांत माणसे. चौकट आहे ती नवरदेवाच्या सेहऱ्यामागे, वीतभर. सुतार म्हणाला, एवढ्यावरून होणार नाही.

राजाच्या महालाचे फोटो काढायला माणसे येतच राहतील. मागवाल्याच्या घराचे कोण काढणार? हल्ली भाचा शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा, गावातली जुनी घरे टिपतो. तिपाई सपाट, रेघ उभी, दाराचा आणि खिडकीचा वेगळा फोटो, शेजारी मापासाठी पट्टी. ज्यांना घर पाडून नवे बांधायचे आहे असे काही मालक त्याचे पैसेही देऊ लागले आहेत. आम्ही आता विरोध करत नाही. परवा त्याची तिपाई उचलून आम्हीच गल्लीच्या टोकापर्यंत गेलो.